उंब्रजच्या बोगद्यात विश्वाचा विस्तार

उंब्रज, मेंढरांच्या तळावरून
गुरुवार, दुपार

ती. आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून सिद्धूचा नमस्कार. (शेतात पालथ्या घमेल्यावर बसून मांडीवर लिहितोय, त्यामुळं डोकं तसंही खालीच आहे.)

डोळ्याची पट्टी निघाली का? डॉक्टरांनी दिलेले थेंब घालत जा, "आता दिसतंय की चांगलं" म्हणून मधेच बाटली कोनाड्यात ठेवून देऊ नकोस, तुझी सवय मला माहीत आहे. मामांचा खोकला कमी असावा. छाटणीनंतर द्राक्षाला फुटवा जोरात आला असेल. (हे वाक्य मागे घेतो. फुटव्याचं काय झालं ते मामांनी परवा फोनवर सांगितलं, आणि सांगताना जे शब्द वापरले ते शाळेत एखाद्या मुलाच्या तोंडून ऐकले असते तर मी त्याच्या बापाला बोलावून घेतलं असतं.) इकडं आबा, नाना, आई सगळे धडधाकट आहेत. जेवण मात्र कुणालाच जात नाही.

तुझे डोळे अजून कच्चे, म्हणून हे पत्र समीक्षावहिनी तुला वाचून दाखवतील असं धरून चाललोय. वहिनी, एक विनंती. कंसातलं मोठ्यानं वाचू नका. कंसात मी माझ्या मनाशी बोलतो, ती माझी फळ्यावर लिहितानाचीसुद्धा खोड आहे.

आत्या, बाकी सगळं नंतर, आधी एक ऐक. आबा-नानांनी, तुझ्या दोन्ही भावांनी, तुझ्या वाट्याची म्हणून पाठवलेली चार कोकरं आता तुझ्या रिकाम्या बेदाणा शेडमध्ये बांधलेली असतील. येत्या रविवारी तू अंघोळ करून त्यांच्या कपाळाला भंडारा लावणार असशील. लावू नकोस. निदान हे पत्र संपेपर्यंत तो विचारसुद्धा करू नकोस. तू म्हणशील, हे सांगायला फोन नव्हता का? फोन होता. दोनदा तू माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. मामांनी फुटव्याचं सांगून ठेवला. वहिनींचा लावला तर तो तुझ्या उशाखाली वाजत राहिला. शेवटी आबा म्हणाले, "असलं काय फोनवर बोलायचं नसतं. लिही. लिवनाऱ्याला मधी कोन तोडत न्हाई." म्हणून लिहितोय. पप्पू टेम्पो घेऊन तुझ्या दारात उभा असेल. त्याला चहा दे, पण उत्तर दिल्याशिवाय सोडू नकोस. तो सुटायला बघेल, कारण या सगळ्यात त्याचाही हात आहे.

आता पहिल्यापासून सांगतो. तुझ्या कानावर एवढंच आलं की सिद्धूनं यात्रेत भाषण केलं आणि त्यामुळं भाऊ-भाऊ वेगळे झाले. हे खोटं आहे. म्हणजे भाषण केलं हे खरं, आणि वेगळे झाले हेही परवा दुपारपर्यंत खरं होतं, पण मधल्या "त्यामुळं"ला माझी हरकत आहे. ती हरकत समजायची तर तुला थोडं विश्व समजून घ्यावं लागेल. घाबरू नकोस. मी नववीच्या ब तुकडीला समजावलंय.

मला व्याख्यानाचा नाद आहे हे तुला माहीत आहेच. "विश्व कसं पसरतं" हे माझं व्याख्यान दहिवडीपासून विट्यापर्यंत कितीतरी शाळांत झालंय. प्रोजेक्टर माझा, वायर माझी, पडद्याला चादर तुझ्या सुनेची (म्हणजे माझ्या बायकोची, वहिनी, तुमची नाही). दीड तास जीव तोडून सांगावं, आणि शेवटी "प्रश्न विचारा" म्हटलं की मागून एक म्हातारा उठतो आणि विचारतो, "मास्तर, पाऊस कवा?" मी कपाळाला हात लावतो. अब्जावधी वर्षांपूर्वी काय झालं ते विज्ञान सांगतं, पुढच्या जूनमधला पाऊस मास्तराला कसा सांगता येईल? पण माणदेशात हे उत्तर दिलं की लोक असं बघतात, की एवढं शिकून याला एवढंही येत नाही. मला त्याचा राग येतो. आणि त्या रागातच मला दरवर्षी वाटायचं, आपल्या बिरदेवाच्या यात्रेत, आपल्या माणसांपुढं हे व्याख्यान एकदा करायचंच. यात्रा कमिटी दरवर्षी म्हणायची, बघू.

यंदा ज्योतिबाचा घसा बसला. वहिनी द्राक्षबागेत वाढलेल्या, त्यांना ज्योतिबा कोण ते कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्या यात्रेत देवळापुढच्या शिळेवर उभा राहून ज्योतिबा पुजारी भाकणूक करतो. पाऊस, पीक, रोगराई, राजकारण, वर्षाचं सगळं दोन-दोन शब्दांत बोलतो. समोर बसलेला प्रत्येक जण आपला प्रश्न मनात धरून येतो. तो कुणाला सांगायचा नाही. ज्योतिबाचं जे वाक्य काळजाला लागेल ते आपलं उत्तर. आणि त्यावर नंतर कुणाशी चर्चा करायची नाही, बायकोशीसुद्धा नाही. उठायचं, भंडारा घ्यायचा, वागायला लागायचं. तर यंदा डॉक्टरनं ज्योतिबाला सांगितलं, बोललास तर आवाज कायमचा जाईल. कमिटीचा अध्यक्ष कोण, तर हा पप्पू. त्यानं मला फोन केला, "मास्तर, या वर्षी तुमचं घ्या. येळ मोकळाच हाय."

आत्या, तिथंच माझी अक्कल शेण खायला गेली. कोणता वेळ मोकळा आहे हे मी विचारलंच नाही. मी गेलो, तर दिवेलागणीची वेळ, तीच जागा, समोर तीच सगळी माणसं, पहिल्या रांगेत आबा आणि नाना मांडीला मांडी लावून. पडद्याला खांब नव्हता, मग कुणीतरी म्हणालं शिळेवरूनच बोला. वारं सुटलं होतं, म्हणून कुणीतरी माझ्या खांद्यावर घोंगडं टाकलं. मी वर चढलो तसा खालून मूठभर भंडारा अंगावर आला. मी म्हटलं, प्रेम आहे लोकांचं. (प्रेमच होतं. फक्त माझ्यावर नव्हतं.)

आता ऐक मी काय बोललो ते, कारण सगळं रामायण त्यातच आहे. प्रोजेक्टर दोन चित्रं दाखवून बंद पडला. "दीर्घिका" हा शब्द उच्चारला तर समोर एकही पापणी हलेना. समोर सगळे मेंढपाळ. मग मी मेंढरांवर आलो. म्हटलं, आभाळात चांदण्यांचे मोठमोठे कळप आहेत. फार फार पूर्वी सगळं दाटीवाटीनं होतं, तापलेलं. तेव्हापासून सगळं पसरत चाललंय. समजा माळावर मेंढरं बसलीत आणि माळच ताणला जातोय. मेंढरू जागचं उठत नाही, तरी शेजारचं त्याच्यापासून लांब जातं. जे जितकं लांब, ते तितकं वेगानं. प्रत्येकाला वाटतं मी मधोमध आहे आणि बाकीचे मला सोडून चाललेत. पण मधोमध कुणीच नाही. कुणी कुणाला ढकलत नाही. कुणाचा दोष नाही. आणि हे थांबवणारंही कुणी नाही. लांब जाणाऱ्याचा उजेड तांबूस होत जातो, त्यावरून आपल्याला कळतं की तो निघाला.

एवढी शांतता मला आयुष्यात कुठल्या शाळेत मिळाली नव्हती. बायका पदर डोक्यावर घेऊन ऐकत होत्या. पाऊस कधी, हे कुणी विचारलं नाही. मला वाटलं, जमलं! इतक्या वर्षांनी जमलं! आता मी दुसऱ्या भागाकडं वळणार, तो सगळ्यात महत्त्वाचा भाग, तेवढ्यात गजनृत्याचे ढोल आले आणि पप्पूनं खालून हाताची कात्री करून दाखवली. मी "शेवटचं एक" म्हणेपर्यंत ढोल सुरू झाले. मी खाली उतरलो. दोन म्हाताऱ्या माझ्या पाया पडल्या. त्या माझ्या शाळेतल्या मुलांच्या आज्या असतील म्हणून मीही त्यांच्या पाया पडलो, आणि घरी जाऊन झोपलो.

दिवाळी झाली, मेंढरं दरवर्षीसारखी पश्चिमेला निघाली. मी शाळेत. इकडं तळावर काय चाललंय याचा मला पत्ता नाही. आईनं नंतर सांगितलं की यात्रेपासून आबा आणि नाना एकमेकांशी गोड बोलायला लागले. आत्या, तू त्यांना लहानपणापासून ओळखतेस. ते दोघं गोड कधी बोलले होते का? सकाळी उठल्या उठल्या एकमेकाला शिव्या घालून ज्यांचा दिवस सुरू होतो, ते "घे की रं भाऊसो, तू आधी घे" आणि "न्हाई दादा, तुमीच घ्या" असं म्हणायला लागले. आबांनी आपलं चांगलं घोडं नानांना देऊन टाकलं. नानांनी नवं पाल आबांच्या बाजूला ठेवलं.  भांडण असतं तर आईनं मिटवलं असतं, पण दोघं एकमेकाला चांगलं चांगलं देत सुटले, त्याला ती काय करणार?

मंगळवारी मी ब तुकडीला आरसे शिकवत होतो. आईचा फोन. आई शाळेच्या वेळेत कधी फोन करत नाही. ती एवढंच बोलली, "सिद्धू, आज उंब्रजला वाटण्या हायत. शालूची कोकरं सकाळीच टेम्पोत घालून पाठवली. दुपारी भाऊसो बोगद्यातनं पल्याड जातोय. बिरदेवानं सांगितलंय म्हनं. तुझ्या तोंडानं सांगितलंय म्हनं." आणि फोन बंद पडला. तळावर चार्जिंग कुठलं?

आत्या, माझ्या हातातला खडू खाली पडला. मला एका क्षणात सगळं दिसलं. ते घोंगडं, तो भंडारा, ती शांतता. मी व्याख्यान दिलं नव्हतं. मी भाकणूक केली होती. आणि तीही अर्धी!

गाडीला किक मारली. मुख्याध्यापकांना सांगितलं, घरी मयत आहे. (नव्हतं. पण दोन भावांचं एकत्र चूल-पाल जाणं म्हणजे मला मयतच वाटत होतं.) दहिवडी, वडूज, पुसेसावळी, कुठं थांबलो नाही. पाणी प्यायलो नाही. डोक्यात एकच, की बोगद्याच्या पलीकडं जाऊन नानांनी पाल ठोकलं की संपलं. मग देवाचा शब्द मोडायला ते मागं येणार नाहीत, आणि आबा बोलवायला पुढं जाणार नाहीत. दोघांची मानी जात. एकाच ताटात जेवून म्हातारे झालेले हे दोघं आपल्या एका वाक्यामुळं वेगळ्या वाटांनी चाललेत, हे मनात आलं की मी गाडी आणखी पिळत होतो. मसूरच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि रस्ता हा एवढासा. मी साइडपट्टीवरून, खड्ड्यातून, एकदा तर कुणाच्या तरी भुईमुगाच्या वाळवणावरून गाडी घातली. मागून काय ओरडले ते ऐकायला थांबलो नाही. वाटेत मी व्याख्यानाचा दुसरा भाग मोठ्यानं म्हणत होतो, विसरू नये म्हणून. जन्मात कधी विसरलो नव्हतो, पण त्या दिवशी मला भीती वाटत होती.

उंब्रजला पोचलो तर तळ मोडलेला. आबा हायवेच्या अलीकडं काठीवर हनुवटी टेकून उभे. त्यांच्यामागं अर्धी मेंढरं, पाठीवर निळा पट्टा ओढलेली. आई घोड्याची दोरी धरून, पदर तोंडात. आणि समोर हायवेखालचा बोगदा नानांच्या मेंढरांनी गच्च भरलेला. त्यांच्या पाठीवर तांबडा पट्टा. तांबडा! मला नानांना विचारायची गरजच उरली नाही. जाणाऱ्याचा उजेड तांबूस होतो, हे माझंच वाक्य. एवढं मन लावून ऐकलं होतं त्यांनी. आत्या, त्या क्षणी मला स्वतःच्या व्याख्यानाचा जेवढा अभिमान वाटायला हवा होता, तेवढीच स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मी ओरडलो, "नाना, थांबा!" बोगद्यात आवाज असा घुमला की त्याचं नुसतं "आ आ" झालं. वरून ट्रक धडधडत चाललेले. नाना पलीकडच्या तोंडाशी पोचलेले, त्यांची पाठ माझ्याकडं. मी गाडी टाकली आणि मेंढरांत घुसलो. मेंढरांत घुसणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको, पण आपण मास्तरकी केलेली, पायात बूट, खिशात खडू. कंबरेपर्यंत लोकर, पाय कुठं पडतोय ते दिसत नाही, एक पाऊल पुढं टाकावं तर दोन मागं ढकललं जातं. कसाबसा मधोमध पोचलो आणि अडकलो. मागंही जाता येईना, पुढंही. तेवढ्यात नानांच्या पुढ्यात, पलीकडच्या तोंडाशी, उसाचा रिकामा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला आणि हॉर्न वाजवायला लागला. नाना थांबले. वळले. मला बघितलं. (त्या ट्रॅक्टरवाल्याचं नाव मला माहीत नाही. देव त्याचं भलं करो.)

मग मी तिथंच सुरू केलं. एकदा आबांकडं तोंड, एकदा नानांकडं, कारण आवाज दोन्हीकडं सारखा पोचला पाहिजे. म्हटलं, आबा, नाना, त्या दिवशी ढोल वाजले म्हणून माझं अर्धं राहिलं. ते देवाचं नव्हतं, माझं होतं, आणि तेही अर्धंच होतं. ऐका पुढचं. माळ ताणला जातो हे खरं, पण लांब-लांबच्या कळपांमधला. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही, त्यांच्यामधला. एका कळपात ते चालत नाही! कळपात ओढ असते. त्या ओढीपुढं ताणाचं काही चालत नाही. चंद्र पृथ्वीपासून या पसरण्यानं लांब जात नाही. सूर्य आपल्याला सोडत नाही. आपला आख्खा चांदण्यांचा कळप, आकाशगंगा, इतक्या अब्ज वर्षांत तिचं एक मेंढरू या ताणानं सुटलेलं नाही. सगळं विश्व पांगतंय, तरी शेजारची देवयानी नावाची मोठी दीर्घिका आपल्याकडंच येतेय, उलट निळसर होत!

ट्रॅक्टरवाला ओरडला, "मास्तर, बाजूला घिऊन सांगा की!" मी म्हटलं, गप रे, पाचच मिनिटं! त्याच्यामागं आणखी दोन ट्रॅक्टर आले. अलीकडं आबांच्या मागं दुधाची गाडी. सगळे हॉर्न मारतायत, आणि नाना माझ्याकडं एकटक बघतायत. त्यांनी एकच विचारलं. "ओढ म्हंजे काय रं? दिसती का?"

आत्या, हाच तो प्रश्न. मोठमोठ्या विद्यापीठांत विचारला जातो. गुरुत्व दिसत नाही, काय आहे ते मी समीकरणात सांगू शकतो, पण समोर ट्रॅक्टर हॉर्न वाजवतोय, आणि समीकरण मेंढरांच्या पाठीवर लिहिता येत नाही.   मला वाटलं, गेलं, आता नाना वळणार आणि पलीकडं जाणार. आणि तेवढ्यात आपला खंड्या भुंकत आला. त्याला वाटणी कुणी सांगितली नव्हती. त्याच्या मते मेंढरं फाटाफुटीला लागली होती आणि माणसं काही करत नव्हती. तो अलीकडून बोगद्यात घुसला, मेंढरांच्या पायांखालून पलीकडं गेला, आणि नानांच्या पुढ्यातली तांबडी मेंढरं हाणत हाणत मागं निळ्यांकडं आणायला लागला. नानांनी त्याला "हाड" म्हटलं. तो ऐकेना. मी म्हटलं, हे बघा! ही ओढ! ही दिसत नाही, पण काम करते ते असं दिसतं!

(वहिनी, हे शास्त्रीयदृष्ट्या फार बरोबर नाही. गुरुत्व भुंकत नाही. पण त्या वेळी चाललं.)

नाना बोगद्याच्या तोंडाशी खाली बसले आणि रडायला लागले. मोठ्यानं. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न बंद केला. आबा अलीकडून म्हणाले, "भाऊसो, तुला वेगळं निघायचं हुतं म्हनून देवानं सांगितलं असं मला वाटलं रं." आणि नाना पलीकडून, "मला कशाला निघायचं असंल दादा? मला वाटलं तुमच्या मनात हाय!" मग दोघांनी एकमेकाला अशा शिव्या दिल्या, की एकेका शिवीबरोबर आईचा चेहरा खुलत गेला. यात्रेत आबांच्या मनात प्रश्न होता गुडघ्याचा. नानांच्या मनात होता घोडीच्या खुराचा. वाटणीचं कुणाच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं!

इथं पत्र संपायला हवं होतं. पण मेंढरं मिसळायला घेतली तसे आबा थांबले. म्हणाले, "शालूची कोकरं गेली." आत्या, आपल्या घरची रीत तुला माझ्यापेक्षा ठाऊक. वाटणीत पहिला वाटा बहिणीचा काढायचा, आणि तिनं रविवारी त्याला भंडारा लावून आपल्या दारात बांधला की वाटणी पक्की. मग ती मोडायची कुणालाच सोय नाही. म्हणून मंगळवारपासून आबा हायवेच्या अलीकडं आणि नाना पलीकडं असे बसलेत. जेवायला नाना बोगद्यातून इकडं येतात, भाकरी खाल्ली की परत तिकडं जातात. खंड्या दिवसभर बोगद्यातून फेऱ्या मारून अर्धा झालाय. शेतमालकाला हरभरा पेरायचाय, तो रोज बांधावर येऊन उभा राहतो. आणि आम्ही सगळे तासगावकडं डोळे लावून बसलोय. मला शाळेतून नोटीस येईल, ती येऊ दे. पण रविवारी तुझ्या हातून भंडारा लागला, तर हे दोघं जन्मभर निळे आणि तांबडे राहतील, आणि ते माझ्यामुळं, हे मला सहन होणार नाही आत्या.

मामांना नमस्कार. कोकरांनी खाल्लेला तो फुटवा पुन्हा येतो का, ते कृषी सहायकाला विचारायला सांग. वहिनींना वाचायचा त्रास झाला त्याबद्दल माफी.

तुझा
सिद्धू

ता. क. तर विनंती एवढीच. चारही कोकरं पप्पूच्या टेम्पोत घालून परत पाठव. भंडारा लावू नकोस. कोकरं इथं आली की आजच मेंढरं एक होतील. तुला त्या कोकरांचा तसा त्रासच आहे, बागेची नासाडी चाललीय, तेव्हा तूही सुटशील. सगळ्यांच्याच सोयीचं आहे.

आणखी एक ता. क. वरचा ता. क. आईला वाचून दाखवला. तिनं माझ्या हातातला पेन काढून घेतला. म्हणाली, "खोड त्ये." का, तर तिचं म्हणणं असं. शालूला आजवर ह्या कळपातनं काय मिळालं? दिवाळीला लुगडं, आन वर्षाला एक घोंगडं. बारक्यापनी तिनं बी राखली हीच मेंढरं, पोरांबरूबर, अनवानी. लगीन झालं, संपलं. आता पहिल्यांदा तिच्या नावानं चार जित्राबं गेली, ती बी वाटण्या झाल्या म्हनून, आन आता वाटण्या न्हाईत म्हनून परत मागताय व्हय? तिचं हे शब्दाला शब्द लिहिलंय. आत्या, मी मघाशी "सगळ्यांच्या सोयीचं" असं लिहिलं, ते वाचून मला लाज वाटली. आकाशगंगेतलं एक मेंढरू सुटत नाही असं मी बोगद्यात उभा राहून ओरडलो, आणि तू तासगावात आहेस हे माझ्या हिशोबातच नव्हतं. (वहिनी, हा कंस नाही असं समजून मोठ्यानं वाचा: आत्या, माझं चुकलं.)

वरचं सगळं खोडायला वेळ नाही, पप्पू गाडी सुरू करून बसलाय. आता खरी विनंती. कोकरं परत पाठवू नकोस. ती तुझी आहेत. पण दारात बांधूही नकोस. तूच त्यांना घेऊन ये, पुढं पप्पूशेजारी बस, आणि भंडारा इथं, कळपात उभी राहून लाव. मग एकाच कळपात तीन वाटे होतील, निळा, तांबडा आणि तुझा पिवळा. तू हजर असल्याशिवाय इथून पुढं वाटणी काढायची कुणाची टाप होणार नाही.

शेवटचा ता. क. हे आबा-नानांना वाचून दाखवलं.  मग मी आबांना म्हटलं, आत्याला माहेराला ये म्हणून तुमच्याकडून बोलावणं लिहितो. आबा म्हणाले, "बोलावनं नगं लिवूस. बोलावनं पावनीला असतं. तिची मेंढरं हायत. तिला वाटंल तवा यील."